मलप्रभेचा पाऊस आणि आकाशातली बारा मिनिटं : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार, खानापूर

आजपासून नोंदी. दोन कामं हाती घेतली. एक, शाळेच्या गच्चीवर पृथ्वीजवळून फिरणारे छोटे उपग्रह ऐकायचं केंद्र. दोन, दहा सेंटीमीटरच्या चौकोनी पेटीत मावणारा दळणवळण उपग्रहाचा चालता नमुना. नमुना आकाशात जाणार नाही, पण उपग्रहात जे जे असतं ते त्यात खरोखर चाललं पाहिजे असा माझा आग्रह आहे.

विषय निघाला तो कणकुंबीच्या पुढच्या रानातल्या वाडीतून शिकायला येणाऱ्या मुलीमुळं. तिच्या वाडीत फोन लागत नाही. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा. तिथं पाऊस कोसळला की इथं खानापुरात नदी चढते. पण तिकडं किती पडला हे आम्हाला कळतं ते कुणीतरी रस्त्याला आल्यावर. तिनं वर्गात विचारलं, "सर, टॉवर नाही खरं, उपग्रह तर वरनंच जातोय की. त्याला का सांगता येत नाही पाऊस?"

सांगता येतो. कसा, ते आकड्यांसह दाखवायचं म्हणून हा प्रकल्प. सोबत नववीची मुलं आणि बेळगावचे, हौशी रेडिओचा परवाना असलेले काका.

१४ जानेवारी

आधी कक्षेचा हिशेब फळ्यावर. ५५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला ७.६ किलोमीटर वेगानं जातो आणि ९६ मिनिटांच्या आत एक फेरी पुरी करतो. खानापुरातून तो उगवल्यापासून मावळेपर्यंत, अगदी डोक्यावरून गेला तरी, साधारण १२ मिनिटं दिसतो. बाजूनं गेला तर त्याहून कमी. कक्षा ध्रुवांवरून जाणारी असेल तर सकाळी एकदोन आणि रात्री एकदोन फेऱ्या आपल्या वाट्याला. उरलेला दिवस तो दुसऱ्यांच्या आकाशात.

या १२ मिनिटांवर मी तासभर घालवला, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं : बॅटरी केवढी, अँटेना कसली, निरोप किती लांब, साठवायची जागा किती. टीव्हीचा भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर एकाच जागी दिसतो, म्हणून डिश एकदा बसवली की काम झालं. पण तिथवर पोचायला ताकद लागते आणि लहरीला वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो. ५५० किलोमीटरवरून तोच प्रवास चार मिलिसेकंदांत होतो.

कडोलीच्या मुलानं लगेच विचारलं, मग इंटरनेट देणाऱ्या कंपन्या काय करतात? त्या गर्दी करतात. इरिडियमचे ७८० किलोमीटरवर ६६ उपग्रह आहेत. एक मावळायच्या आत दुसरा उगवलेला असतो आणि ते आपापसांतही बोलतात. वनवेबचे १,२०० किलोमीटरवर. त्यातले ७२ आपल्याच श्रीहरिकोट्याहून गेले, ३६ ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ३६ मार्च २०२३ मध्ये. स्टारलिंक ५५० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून तिला हजारो लागतात : जितकं खाली, तितका एका उपग्रहाच्या नजरेतला टापू लहान. आम्हाला एकाच उपग्रहात भागवायचं आहे. माझ्या मते शिकायला तेच चांगलं.

२१ जानेवारी, उद्यमबाग

आज पेटीची चौकट. बेळगावात फौंड्री आणि लेथची कमतरता नाही, त्यामुळं हे काम बाहेर कुठं द्यायचा प्रश्नच नव्हता. वर्कशॉपच्या मालकांना क्यूबसॅटची, म्हणजे अशा छोट्या चौकोनी पेटी-उपग्रहाची, मापं दाखवली : बाजू १०० मिलिमीटर, कमीजास्त एक दशांश, उंची ११३.५; चारी कोपऱ्यांच्या पट्ट्या ८.५ मिलिमीटर रुंद. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "एवढी घट्ट मापं कशाला ओ?" कारण हे उपग्रह रॉकेटमध्ये एका नळकांड्यासारख्या खोक्यातून जातात आणि स्प्रिंगनं ढकलून बाहेर सोडले जातात. पट्टी जरा जाड झाली तर पेटी आतच अडकणार. कोपऱ्यांचं ॲल्युमिनियम कडक ॲनोडाइझ करतात, म्हणजे वर टणक थर चढवतात, तेही यासाठीच. पोकळीत धातूला धातू चिकटून बसू नये म्हणून.

हे माप १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी ठरवलं : स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅल पॉलीचे जॉर्डी पुइग-सुआरी. हेतू विद्यार्थ्यांना परवडेल असा उपग्रह हा होता. माप एक झालं, खोका एक झाला, आणि कुठल्याही रॉकेटच्या उरलेल्या जागेत ही पेटी बसू लागली.

मुलांना परतीच्या वाटेवर आपली उदाहरणं सांगितली. स्टडसॅट, कर्नाटक आणि आंध्रातल्या सात इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मुलांनी मिळून केलेला, वजन एक किलोच्या आत, १२ जुलै २०१० ला पीएसएलव्ही-सी१५ वरून गेला. आणि पुण्याच्या सीओईपीचा स्वयम्, ९९० ग्रॅम, २२ जून २०१६, पीएसएलव्ही-सी३४. स्वयम् आमच्या दृष्टीनं फार जवळचा, कारण त्याचं कामच निरोप साठवून पुढं देण्याचं होतं. आमचा नमुना त्याच वाटेनं जाईल.

४ फेब्रुवारी

गच्चीवर अँटेना. स्टीलच्या मापपट्टीचे तुकडे आणि वायरमनची पीव्हीसी पाइप यांची यागी, म्हणजे एकाच दिशेनं ऐकणारी काड्यांची अँटेना : १४५ मेगाहर्ट्झसाठी एक, ४३५ साठी दुसरी, लहान. दोन्ही हातात धरून फिरवता येतात. रिसीव्हर म्हणजे लॅपटॉपला लावायचा स्वस्त एसडीआर डोंगल, सॉफ्टवेअरनं चालणारा रेडिओ. कुठला उपग्रह कधी येणार हे जीप्रेडिक्ट नावाचं सॉफ्टवेअर सांगतं. त्याला रोज नवे कक्षांक, म्हणजे कक्षेचे ताजे आकडे, द्यावे लागतात.

अवकाश स्थानक ४३७.८०० वर ऐकू आलं. कुठल्यातरी देशातला माणूस आपली खूण (कॉलसाइन) सांगतोय आणि दुसरा उत्तर देतोय, मध्ये स्थानकातला रिपीटर, ऐकलेलं पुन्हा सोडणारा. "येऊलंय, येऊलंय!" म्हणून मुलं गच्चीवर नाचली. नोंद करण्यासारखी गोष्ट वेगळीच : अँटेना मनगटानं नव्वद अंशांत फिरवली की आवाज खोल जातो आणि परत फिरवली की वर येतो. उभी लहर आडव्या अँटेनाला जवळजवळ दिसतच नाही. उपग्रह गडगडत असला तर त्याच्या लहरीचा कल सतत बदलतो. उपाय, लहर गोल फिरवत सोडायची. मग साध्या अँटेनाला तीन डेसिबलचं नुकसान होतं, पण ते कायम तेवढंच राहतं.

११ फेब्रुवारी

आजचा तास सगळ्यांत आवडता : दुव्याचा हिशेब. ताकदीची कमाई आणि खर्च डेसिबलमध्ये लिहायचा (दर १० डेसिबलला ताकद दहापट), मग नुसती बेरीज-वजाबाकी.

उपग्रह १ वॉट सोडतो, म्हणजे ३० डीबीएम (एका मिलिवॉटच्या वर ३० डेसिबल). त्याची अँटेना सगळीकडे सारखी, शून्य धरली. ४३७ मेगाहर्ट्झवर उपग्रह डोक्यावर, ५५० किलोमीटरवर, असताना वाटेत १४० डेसिबल जातात. क्षितिजावर असताना मात्र तो ५५० वर नसतो. तिरप्या रेषेत २,७०० किलोमीटर लांब असतो आणि नुकसान १५४ होतं. पटीत पाहिलं तर क्षितिजावरचा आवाज डोक्यावरच्या आवाजाच्या चोविसाव्या हिश्श्याइतका. हे मुलांना खरं वाटेना, म्हणून पायथागोरस लावून त्यांच्याकडूनच काढून घेतलं. नववीतला पायथागोरस इतक्या कामाचा आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

पुढं : आमच्या यागीचे अधिक १०, ध्रुवणाचे, म्हणजे लहरीच्या कलाचे, उणे ३. क्षितिजावरून हाती येतं उणे ११७ डीबीएम. आता गोंगाट. निसर्गाचा तळ दर हर्ट्झला उणे १७४; एफएम आवाजाची रुंदी १५ किलोहर्ट्झ, तिचे अधिक ४२; रिसीव्हरचे आणि आजूबाजूचे ४. गोंगाट उणे १२८. हातात राहतात ११ डेसिबल, आणि एफएम नीट ऐकायला साधारण १० लागतात. म्हणजे १ वॉटवर क्षितिजावरचा उपग्रह जेमतेम ऐकू येणार. पाव वॉट असेल तर ६ डेसिबल गेले, मग तो वर चढेपर्यंत थांबायचं.

आणि आमची १५ मीटरची आरजी-५८ केबल त्यातले ५ डेसिबल वाटेतच खाते. म्हणून कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर खाली लॅपटॉपपाशी लावून उपयोग नाही, तो वर अँटेनाच्या बुडाशी पाहिजे. केबलमध्ये हरवलेलं नंतर कितीही मोठं केलं तरी गोंगाटही तेवढाच मोठा होतो. बाजारात ॲम्प्लिफायर विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून इथं ठळक लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी

एसओ-५० हा हौशी उपग्रह ऐकला. डिसेंबर २००२ मध्ये गेलेला, पाव वॉटचा, सौदी अरेबियाचा. हिशेब सांगत होता तसाच, वर चढल्यावरच कानात आला.

काका परवानाधारक, त्यांनी १४५.८५० वर बोलायचा प्रयत्न केला. उपग्रहाला आधी ७४.४ हर्ट्झचा स्वर देऊन उठवावं लागतं. मग तो दहा मिनिटं जागा राहतो आणि झोपतो. बोलताना ६७ हर्ट्झचा स्वर खाली चालू ठेवायचा. काकांची खूण उपग्रहातून परत आली तेव्हा त्यांना स्वतःचाच आवाज ४३६.७९५ वर ऐकू आला.

खरं तर ४३६.७९५ वर नाहीच. उगवताना १० किलोहर्ट्झ वर, मावळताना १० खाली. रेल्वेच्या शिट्टीसारखाच डॉप्लर, फक्त इथं वेग सेकंदाला सात किलोमीटर. गंमत मधल्या मिनिटात : उपग्रह डोक्यावरून जाताना वारंवारिता दर सेकंदाला सुमारे दीडशे हर्ट्झनं घसरते. १४५ वर ही घसरण तिसरा हिस्साच, म्हणून काकांना बोलताना बटण फिरवावं लागलं नाही. पण १२ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या इंटरनेट उपग्रहांना अडीच-पावणेतीनशे किलोहर्ट्झ सांभाळावे लागतात. तिथं हातानं जमणारच नाही, मोडेम आधीच कक्षा मोजून दुरुस्ती करतो.

२५ फेब्रुवारी

वानरांनी १४५ ची अँटेना वाकवली. मापपट्टी असल्यामुळं परत सरळ झाली.

३ मार्च

नमुन्याची वीज. हे लांब लिहितो, कारण मुलांची सगळ्यांत जास्त भांडणं याच विषयावर झाली.

अवकाशात ऊन चौरस मीटरला १,३६१ वॉट. पेटीची एक बाजू त्याचा शंभरावा भाग, म्हणजे साडेतेरा वॉट ऊन. उपग्रहातले चांगले सेल त्यातले ३० टक्क्यांच्या आसपास पकडतात : ४ वॉट. तेही बाजू सूर्यासमोर सरळ असेल तर. पेटी फिरत असते आणि ९६ मिनिटांतली ३५ पर्यंत ती पृथ्वीच्या सावलीत असते. सरासरी दोनेक वॉट धरून चालायचं.

आता खर्च. १ वॉट आकाशात सोडायला ट्रान्समीटर तीनेक वॉट खातो, बाकीची उष्णता होते. म्हणजे सतत बोलणं जमणारच नाही. वाडीवरच्या मुलीनं मांडलेली रचना मला पटली : एरवी ऐकत राहायचं, दर काही सेकंदांनी छोटी खूण सोडायची, आणि खालून कुणी ओळख दिली तरच पूर्ण ताकदीनं बोलायचं. कडोलीचा म्हणत होता, रिसीव्हरही बंद ठेवू. त्याला मी कडक नाही म्हटलं. रिसीव्हर बंद झाला तर खालून आज्ञा देता येत नाही, आणि वर जाऊन बटण दाबणारं कुणी नाही. सगळ्या छोट्या उपग्रहांत हाच नियम : काहीही बंद करा, कान उघडे ठेवा. त्याच्या जोडीला वॉचडॉग. किरणांच्या माऱ्यानं स्मृतीतला एखादा अंक उलटतो, संगणक अडकतो. ठरावीक वेळात त्यानं हजेरी दिली नाही तर वॉचडॉग वीज तोडून पुन्हा चालू करतो.

बॅटरीला एक १८६५० मापाचा लिथियम सेल, साडेनऊ वॉट-तासांचा. सावलीतल्या ३५ मिनिटांना एका वॉटानं लागतो जेमतेम ०.६ वॉट-तास. मुलं म्हणाली, मग इतकी मोठी कशाला? दिवसाला १५ फेऱ्या, वर्षाला साडेपाच हजार. दर फेरीला थोडंच रिकामं केलं तर सेल वर्षानुवर्षं टिकतो. तळ गाठला तर काही महिन्यांत संपतो. शिवाय गोठणबिंदूच्या खाली लिथियम सेल चार्ज केला तर तो खराब होतो. पोकळीत हवा नाही, उष्णता धातूतून वाहते किंवा किरणांनी जाते, त्यामुळं एक बाजू तापलेली आणि दुसरी गारठलेली असू शकते. सेल मधोमध ठेवायचा तो यासाठी.

१० मार्च

काल वीज गेली आणि अंधारात गच्चीवर बसून काकांनी एओ-७ ची गोष्ट सांगितली. नोंद ठेवतो. १५ नोव्हेंबर १९७४ ला गेलेला हौशी उपग्रह. १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट झाली, तो गप्प झाला. २००२ मध्ये अचानक पुन्हा ऐकू आला. शॉर्ट झालेली बॅटरी आता आतून तुटली होती, त्यामुळं सोलर पॅनेलची वीज सरळ यंत्रांना मिळू लागली. तेव्हापासून तो उन्हात जागा होतो, सावलीत मरतो, परत उन्हात जागा होतो. आपला हॅमसॅट, ५ मे २००५ ला कार्टोसॅट-१ च्या सोबत गेलेला, तोही २०१४ मध्ये बॅटरीमुळंच संपला. त्याच्यातल्या ट्रान्सपाँडरवर (ऐकलेलं परत खाली सोडणारं यंत्र) जगभरचे लोक नऊ वर्षं बोलले.

मुलांनी नमुन्यात एक बदल केला : बॅटरी मेली तर पॅनेलवरून थेट चालेल अशी दुसरी वाट.

२२ मार्च

इस्रोचं पोएम-३, रॉकेटच्या उरलेल्या टप्प्यावरचं प्रयोगांचं व्यासपीठ, काल प्रशांत महासागरावर जळून गेलं. १ जानेवारीला एक्सपोसॅट उपग्रह ६५० किलोमीटरवर सोडून झाल्यावर त्याच रॉकेटचा शेवटचा टप्पा ३५० वर उतरवला होता आणि त्यावर प्रयोग बसवले होते, मुंबईच्या के. जे. सोमय्या कॉलेजचं हौशी रेडिओचं उपकरण त्यात होतं. ३५० वर हवेचे इतके कण आहेत की तीन महिन्यांत खेळ आटोपला. ५०० वर तेच वर्षांचं गणित होतं आणि १,२०० वर शतकांचं. छोट्या पेटीला बहुतेक वेळा इंजिन नसतं, तेव्हा उंची निवडतानाच मरणाची सोय करावी लागते. अमेरिकेनं २०२२ मध्ये काम संपल्यावर पाच वर्षांत खाली आणायचा नियम केला, आधी पंचवीस वर्षं चालत. मला हा नियम योग्य वाटतो. १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम-३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ आदळले, त्याचे तुकडे अजून फिरतायत.

१४ एप्रिल

नमुन्याच्या अँटेना. ४३७ मेगाहर्ट्झला पाव तरंग १७ सेंटीमीटर, म्हणजे पेटीपेक्षा लांब. म्हणून मापपट्टी पेटीभोवती गुंडाळून तंगुसानं बांधायची आणि वर गेल्यावर निक्रोमची तार तापवून तंगूस जाळायचा. पट्टी फटकन सरळ होते. खऱ्या उपग्रहात सुटल्यावर अर्धा तास काहीही उलगडायचं नाही आणि पाऊण तास ट्रान्समीटर चालू करायचा नाही, शेजारच्या पेट्यांना धोका नको म्हणून. तोवर वीजच जोडली जाऊ नये यासाठी कोपऱ्याच्या पट्टीच्या टोकाला दाबलं जाणारं बटण. हे सगळं आमच्या नमुन्यातही आहे.

एक तार तुटली तर उपग्रह मुका, म्हणून प्रत्येक तंगुसाला दोन तारा.

दिशा धरण्यासाठी स्वयम् सारखाच उपाय : एक कायमचं चुंबक आणि मऊ लोखंडी कांड्या. चुंबक पृथ्वीच्या रेषांना धरून राहतं, कांड्या गडगडणं थोडं थोडं शोषतात. वीज शून्य. आपल्या अक्षांशावर या रेषा बऱ्याच आडव्या आणि ध्रुवांकडे उभ्या, तेव्हा पेटी प्रत्येक फेरीत दोनदा उलटते. नमुना दोऱ्यानं टांगून उत्तर-दक्षिण झालेला मुलांनी पाहिला. छायाचित्र काढणाऱ्या उपग्रहाला ही पद्धत चालत नाही, पण सगळीकडे सारखं बोलणाऱ्या अँटेनाला पुरते.

२८ एप्रिल

मुख्य चाचणीची आखणी. नमुना आकाशात जाणार नाही, पण त्याला खरोखर दिसेनासं करून परत आणायचं कसं? कणकुंबीकडून येणाऱ्या वस्तीच्या बसमध्ये ठेवायचं! बस रात्री वर जाते, सकाळी खाली येते. वाडीच्या फाट्याजवळून जाताना काही मिनिटं तिच्या टप्प्यात, मग तासनतास कुणाच्याच नाही, मग खानापूर स्टँडला आमच्या गच्चीच्या टप्प्यात. उपग्रहाचा दिवस असाच जातो.

फाट्यावर मुलीच्या मामांच्या घरी पर्जन्यमापक आणि लोरा रेडिओ (थोड्या विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारा), ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात. निरोप वीस बाइटचा : तारीख, तास, मिलिमीटर, बॅटरी, अनुक्रमांक. बाराशे बिट वेगानंही दहा मिनिटांत ९० हजार बाइट जातात, तेव्हा पावसाला जागा भरपूर आहे. लोराचा आणखी एक गुण : १२५ किलोहर्ट्झ रुंदीला तो तीसेक किलोहर्ट्झपर्यंतचा सरकाव सोसतो, म्हणून छोटे उपग्रह हल्ली तो वापरतात. बसला डॉप्लर नाही, पण मुलांनी वारंवारिता मुद्दाम सरकवून पाहिली.

नियम असे ठरले. पेटी खूण सोडते. घरचा रेडिओ खूण ऐकली की साठवलेले निरोप देतो. पेटी प्रत्येकाची पोच देते. पोच मिळाल्याशिवाय घरचा रेडिओ काहीही पुसत नाही, आणि गच्चीवरून पोच मिळाल्याशिवाय पेटीही पुसत नाही.

ही कल्पना आमची नाही. इंग्लंडच्या सरे विद्यापीठाच्या यूओसॅट-२ नं १९८४ पासून असे निरोप साठवून दिले, आणि १९९० साली गेलेल्या यूओसॅट-३ वरून आफ्रिकेतल्या दवाखान्यांना वैद्यकीय निरोप जात. फोनची तार नव्हती तिथं डॉक्टर दिवसातून काही वेळा येणाऱ्या उपग्रहाची वाट पाहत. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आमची वाडी पहिली नाही तर." तिला त्याचं बरं वाटलेलं दिसलं.

आगारात परवानगीचं पत्र कानडीत दिलं. पेटीवर कानडी आणि मराठी दोन्हींत लिहिलं : शाळेचा प्रयोग, धोका नाही.

६ मे

उद्या मतदान. बसगाड्या निवडणुकीच्या कामाला. चाचणी पुढं.

१२ मे

शुक्रवारी रात्रीपासून सूर्याचं मोठं वादळ, २००३ नंतरचं सगळ्यांत जोरदार. लडाखच्या हानलेहून आकाशात लाल प्रकाश दिसला. इथं ढग.

आमच्या कामाशी संबंध असा : वादळात वरची हवा तापून फुगते, उपग्रहांना जास्त घासते, ते खाली येतात आणि खालच्या कक्षेत फेरी लवकर पुरी होते. म्हणून कालचे कक्षांक आज चालवायचे नाहीत असं मुलांना बजावलं. सकाळ-संध्याकाळ नवे घेतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये याहून कितीतरी लहान वादळात स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ४० पर्यंत गेले, कारण ते अजून दोनशेएक किलोमीटरवरच होते.

१९ मे

चाचणी झाली. वळवाच्या सरी पडून गेल्या होत्या, त्यामुळं मापकात खरा पाऊस होता.

पहिल्या सकाळी अर्धेच निरोप आले. फाट्यावर उतरणारं कुणी नव्हतं, बस थांबलीच नाही, आणि झाडीत टप्पा लहान. पण अनुक्रमांक असल्यामुळं गच्चीला कळलं की कुठले आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटीनं फक्त त्या भोकांची यादी घरच्या रेडिओला दिली आणि त्यानं तेवढेच पाठवले. यूओसॅटच्या काळातल्या निरोप-पद्धतीत हीच भोकांची यादी होती. सगळं पुन्हा पाठवण्यापेक्षा राहिलेलं मागणं. मिनिटं मोजकी असताना याला पर्याय नाही.

कंडक्टर मामांनी पेटी स्वतःच्या सीटमागे नीट ठेवली होती आणि दिवा लागला की नाही हे लक्ष ठेवून सांगितलं. त्यांचे आभार.

मुलांचा पुढचा प्रश्न ओघानं आला : मग खऱ्या उपग्रहाला कधी पाठवायचं? इथं थांबून नियम सांगितले. हौशी पट्ट्यात बोलायला परवाना लागतो, निरोप उघडे, कुणालाही वाचता येतील असे, असावे लागतात, धंद्याचे चालत नाहीत. उपग्रह सोडायचा तर वारंवारितेचा समन्वय आंतरराष्ट्रीय पातळीवर होतो, आणि आपल्याकडे डब्ल्यूपीसी (वारंवारिता वाटणारं सरकारी कार्यालय) आणि इन-स्पेस (खासगी अवकाशकामांना परवानगी देणारी सरकारी संस्था) यांची मंजुरी. जानेवारी २०१८ मध्ये एका अमेरिकी कंपनीनं पाव पेटीएवढे चार उपग्रह आपल्या पीएसएलव्हीवरून सोडले, त्यांच्या देशाची परवानगी नसताना. इतक्या लहान वस्तूंचा माग ठेवता येईल का ही तिथल्या दळणवळण आयोगाची शंका होती. नऊ लाख डॉलर दंड झाला. लहान असणं म्हणजे मोकळीक नव्हे, हे मुलांना पटलं.

९ जून

शाळा सुरू, पाऊस सुरू. वाडीचा पावसाचा आकडा आता रोज सकाळच्या बसबरोबर येतो, तासातासाचा. फळ्याच्या कोपऱ्यात मुलगी स्वतः लिहिते आणि दुपारी नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या गटाला फोनवर कळवते. तो काही तास उशिरा असतो. एका ध्रुवीय उपग्रहानंही साधारण एवढाच उशीर झाला असता. तो कमी करायचा तर उपग्रह वाढवावे लागतात, दुसरी वाट नाही.

राहिलेली कामं : ॲम्प्लिफायरचा डबा पावसाला बंद करणं. मामांच्या घरच्या रेडिओला सौर पॅनेल दुप्पट, ढगांत पुरत नाही. काकांच्या देखरेखीखाली दोघांची हौशी परवान्याची परीक्षा. अर्ज भरून झालेत. नमुन्याचं सॉफ्टवेअर नीट लिहून आठवीच्या मुलांच्या हाती देणं, कारण यंदा ही मुलं एसएसएलसीला, म्हणजे दहावीला.